मांजराचा कान आणि डॉक्टर येईपर्यंतचे तीन दिवस

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमची मांजरी दीड वर्षाची आहे आणि तिचे तीन महिन्यांचे एक पिल्लूही घरात आहे. गेल्या पावसाळ्यात ती सारखे डोके झटकू लागली, मागच्या पायाने उजवा कान ओरबाडू लागली आणि कानात चहाच्या चोथ्यासारखा काळा चुरा दिसू लागला. आमच्या भागातले डॉक्टर तीन दिवस रजेवर होते. सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही लसूण घालून कढवलेले शेंगदाण्याचे तेल कोमट करून कानात सोडले. माणसांच्या कानाचे थेंब घरात उरलेले होते, तेही दोन वेळा घातले. डॉक्टर आल्यावर त्यांनी आम्हाला बरेच सुनावले. मांजरी आता बरी आहे, पण त्या तीन दिवसांत आम्ही नेमके काय करायला हवे होते? आणि मुलगी तिला उशाशी घेऊन झोपते, तर हा आजार मुलीला लागू शकतो का?
— एक वाचक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, मांजरी बरी झाली हे वाचून समाधान वाटले. सासूबाईंना दोष देऊ नका. कानातले पिसवांहूनही बारीक किडे तेलात गुदमरतात हे पूर्वीपासून लोकांना ठाऊक आहे आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. अडचण अशी की कानात किडेच आहेत, की बुरशी आहे, की पू धरला आहे, की आत एखादी गाठ वाढते आहे, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. काळा, कोरडा, चुऱ्यासारखा मळ बहुधा किड्यांचा असतो, विशेषतः कोवळ्या वयाच्या मांजरांत. पण ‘बहुधा’ या शब्दावर भरवसा ठेवून औषध घालणे बरे नव्हे.

मांजराच्या कानाची रचना समजून घेतली की पुढचे बरेचसे आपोआप कळते. आपल्या कानाची नळी जवळपास आडवी असते. मांजराची नळी मात्र आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. केळीच्या बागेत ठिबकच्या पाइपाला आपण जो एल्बो लावतो, तसे समजा. त्या वळणाच्या पलीकडे कानाचा पडदा असतो. म्हणून कापूस गुंडाळलेली काडी आत घातली की मळ बाहेर न येता वळणापाशी ठासला जातो, आणि मांजराने त्याच क्षणी मान झटकली तर पडद्याला इजा होते. शिवाय आजारामुळे पडदा आधीच फाटलेला असू शकतो आणि ते आपल्याला दिसत नाही. अशा कानात जे काही ओतावे ते थेट आतल्या कानापर्यंत पोहोचते, आणि ऐकणे व तोल सांभाळणे ही दोन्ही कामे तिथूनच चालतात. माणसांच्या कानाच्या काही थेंबांत जेंटामायसिन किंवा नियोमायसिन हे प्रतिजैविक असते. फाटलेल्या पडद्यातून ते आत गेले तर मांजर बहिरे होऊ शकते, तोल जाऊन पडू लागते आणि हे नुकसान कधी कधी कायमचे राहते. डॉक्टरांनी सुनावले ते बहुधा यासाठीच. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर आणि जखमा धुण्याचे जंतुनाशक द्राव यांनाही हाच नियम लागू आहे. लसणाचा धोका आणखी वेगळा : पंजाने कान पुसून मांजर पंजा चाटते, आणि लसूण पोटात गेल्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आपल्याकडे आणखी एक भीती असते, तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण मी नोकरीत असताना ती वारंवार पाहिली आहे. घरात गुरे असली की गोठ्याच्या फळीवर गोचिडांचे औषध, टर्पेंटाइन आणि गुरांच्या इंजेक्शनची अर्धवट बाटली असतेच, आणि ‘बैलाला चालते ते मांजराला थोडेसे द्यायला काय हरकत आहे’ असा विचार मनात येतो. हरकत फार मोठी आहे. पर्मेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असलेल्या औषधाने मांजराला थरकाप सुटतो, झटके येतात आणि ते मरूही शकते. कारण ही द्रव्ये मोडून बाहेर टाकण्याची माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतात असलेली ताकद मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. याच कारणाने दुखण्यावर म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कानात अळ्या पडल्या तरी टर्पेंटाइनचा बोळा कोंबू नये. अळ्या दिसल्या तर डॉक्टरांची वाट न पाहता मांजरालाच डॉक्टरांकडे न्यावे.

आता काय करायचे ते सांगतो. ते तुम्हाला अगदी थोडे वाटेल आणि ते थोडेच असायला हवे. मांजरीला घरात ठेवावे, कान ओला होऊ देऊ नये. एकाने तिला जाडसर टॉवेलमध्ये गुंडाळून धरावे आणि दुसऱ्याने विजेरीच्या उजेडात दोन्ही कान नुसते पाहावेत, कारण दुखऱ्या कानाशेजारचा चांगला कान पाहिला की फरक लगेच ध्यानात येतो. पाळीवर बाहेर आलेला मळ उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाने हलकेच पुसावा. बोट जिथवर सहज पोहोचते तिथवरच, त्याच्या आत नाही. ज्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे असेल त्या दिवशी मात्र कान मुळीच पुसू नये. तोच मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की किडे, बुरशी की जंतू हे कळते. तुमच्या तेलाने नेमकी ही तपासणी अवघड केली असणार.

ओरबाडण्याने कानाची पाळी आतून फुगते, तिच्यात रक्त साकळते आणि मग मूळ दुखण्यापेक्षा तेच मोठे होऊन बसते. म्हणून मागच्या नखांची फक्त टोके कापावीत आणि जुन्या एक्स-रे फिल्मचा नरसाळ्यासारखा पट्टा करून गळ्यात सैलसर घालावा. त्याची कड कापडी चिकटपट्टीने झाकली तर मान कापत नाही. कान दुखत असला की जबडा हलवणेही नकोसे होते, तेव्हा भाकरी कुस्करून पूर्ण मऊ करून द्यावी किंवा मीठ-मसाला न घातलेला चिकनचा शिजवलेला रस्सा द्यावा. चोवीस तास मांजराने काहीच खाल्ले नाही तर ते साधे दुखणे राहिलेले नाही असे समजावे, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून वेगळाच आजार जडतो.

काही लक्षणे दिसली तर तीन दिवस काय, तीन तासही थांबू नये. मान एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, चालताना पडणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप डावी-उजवीकडे झटके देत हलणे, एका डोळ्याची पापणी लोंबणे किंवा दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, म्हणजे दुखणे मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेले आहे. कानातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पू येणे, पाळी फुग्यासारखी सुजणे आणि तापाने मांजर सुस्त पडणे ही लक्षणेही याच यादीतली. अशा वेळी आपल्या डॉक्टरांची रजा संपण्याची वाट न पाहता शेजारच्या तालुक्याचा दवाखाना किंवा जळगाव गाठावे. रावेरच्या लोकांना बऱ्हाणपूरही दूर नाही. निघण्याआधी फोन करून मांजर तपासतात का आणि कानात पाहण्याची दुर्बीण आहे का, एवढे विचारून घ्यावे.

नेण्यासाठी महागडा पिंजरा लागत नाही. तुमच्याकडे केळी भरण्याचे पुठ्ठ्याचे खोके असतात आणि त्यांना हवेसाठी भोके असतातच. तळाशी जुने लुगडे घालावे, झाकण सुतळीने बांधावे आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्याने खोका मांडीवर धरावा. भर दुपारी निघू नये. सोबत घातलेल्या प्रत्येक औषधाची बाटली न्यावी आणि त्यात लसणाच्या तेलाचाही उल्लेख करावा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली माहिती मांजराला महागात पडते. डोके झटकतानाची मोबाइलवरची चित्रफीतही दाखवावी, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले मांजर यातले काहीच करून दाखवत नाही.

किडे निघाले तर पिल्लाचाही उपचार करावाच लागतो, त्याला खाज नसली तरी. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या किड्यापर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा असतो, म्हणून आठ दिवसांत खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी. घरात कुत्रा असेल तर त्यालाही दाखवावे.

मुलीबद्दल : हे किडे माणसाच्या अंगावर टिकत नाहीत, क्वचित थोडे दिवस खाज येते इतकेच. मात्र कानाच्या कडेचे केस गोलाकार गळू लागले तर ते गजकर्ण असू शकते आणि ते माणसाला लागते. मांजरीचे दुखणे पूर्ण बरे होईपर्यंत तिची झोपण्याची जागा वेगळी ठेवावी. दुखऱ्या कानामुळे एरवी गरीब असलेले मांजरही चावते. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.

प्रश्न : आमचा बोका पूर्ण पांढरा आहे. उन्हाळ्यापासून त्याच्या दोन्ही कानांची टोके लाल झाली असून त्यांवर खपल्या धरतात. कानात मळ नाही, वासही नाही. हाही कानाचा संसर्गच का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : वर्णनावरून हा उन्हाचा परिणाम वाटतो. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकांवर केस विरळ असतात आणि कातडीत रंग नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या भुसावळसारख्या गावी पत्र्यावर पहुडणाऱ्या बोक्याची टोके वर्षानुवर्षे भाजत राहतात, आणि अशा जागी पुढे कातडीचा कर्करोग होऊ शकतो. सकाळी दहा ते दुपारी चार त्याला घरात ठेवा. माणसांचे सनस्क्रीन लावू नका, कारण त्यातली काही द्रव्ये चाटण्यातून पोटात जाऊन मांजराला बाधतात. खपली पडून तिथेच पुन्हा धरत असेल, कड झिजत असेल किंवा रक्त येत असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. गाठ टोकापुरती असताना तेवढा भाग कापून टाकला की बहुतेक मांजरे पुढे चांगली जगतात.