आईचे गुडघे आणि अंगठा दुखतो, तरी तिला रांगोळी सोडायची नाहीये. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की आई सत्तरीला आल्यात, आयुष्यभर संस्कारभारतीचे मोठे गालिचे काढले, आता खाली बसलं की उठवत नाही, अंगठा ठणकतो आणि घरचे म्हणतात स्टिकर चिकटवा. स्टिकर आणू नका हो, चिडतील त्या. मी पण रांगोळीवालीच, गुडघे कधीच कामातून गेलेत आणि अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, त्यामुळे अनुभवाचंच सांगते.

पहिलं म्हणजे जमीन सोडायची. अडीच फुटी प्लायवूड घ्या, त्याला काळा नाहीतर गेरूसारखा मॅट रंग द्या (चकचकीत नको, रांगोळी घसरते) आणि टेबलावर खुर्चीत बसून काढा. बोर्डाखाली जुनी चादर घातली की तो हलक्या हाताने फिरवता येतो, म्हणजे आपण वाकून लांबचा कोपरा गाठायच्या ऐवजी कोपराच आपल्याकडे येतो, कंबर आणि खांदा दोन्ही वाचतात.

अंगठ्याचं असं आहे की चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी पट जोर त्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो, म्हणून ठिपक्यांची बारीक रेघ जास्त दुखवते. पाचही बोटांतून सोडायची जाड रेघ त्यांच्या हातात आहेच, ती चालू दे. बारीक रेघेसाठी कागदाचा कोन करा, टोकाला छोटं भोक, रांगोळी आपोआप पडते, दाबायला लागत नाही. फक्त रांगोळी कोरडी आणि चाळलेली हवी, नाहीतर कोन तुंबतो. मनगटाला पट्टा वगैरे लावायचा का ते डॉक्टरांना विचारा.

आणि सगळ्यात मोठा फरक कशाने पडला माहितीये, मेहनतीचं काम वाटून दिल्याने. चाळणीने रंगाचे थर देणं नातवंडांकडे, रेघ मात्र आपली. यात कमीपणा कसला? मातीस नावाचा फ्रेंच चित्रकार होता, १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, नंतर बराचसा काळ अंथरुणात नाहीतर व्हीलचेअरवर, चित्राच्या स्टँडसमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग मदतनीस कागद रंगवून द्यायच्या, हा कात्रीने थेट त्या रंगातून आकार कापायचा आणि कुठला तुकडा भिंतीवर कुठे लावायचा ते बसल्या जागेवरून सांगायचा. फ्रान्समधल्या व्हान्स गावच्या चॅपेलसाठी (छोटं प्रार्थनाघर) तर लांब बांबूला कोळसा बांधून चित्रं काढली, १९५१ ला ते पूर्ण झालं. बांबूची आयडिया मी उचलली, काठीला खडू बांधून उभ्यानेच अंगणात आउटलाइन काढते, रेघ थोडी थरथरते पण वरून रांगोळी पडली की कोणाला कळतंय!

एका बैठकीत संपवायचा हट्ट तेवढा सोडायला सांगा, बोर्डवर असल्याने उरलेली उद्या होते, पंखा बंद ठेवा म्हणजे झालं. आणि तो बोर्ड उचलून दारात ठेवायचं काम त्यांना करू देऊ नका, ते तुमचं.