गेटच्या तिकिटावर रिंक चालत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा नाशिकला बंदिस्त रोलर स्केटिंग रिंक काढायचं म्हणतोय. अमेरिकेतल्या रिंकचे व्हिडिओ पाहून हे त्याच्या डोक्यात बसलंय. मी मात्र ऐकलंय की तिथल्या रिंक पटापट बंद पडल्या. तुम्ही तिकडे असताना एका रिंकचे हिशेब लिहीत होतात ना? हा धंदा चालायचा कसा, आणि बसला कशानं? (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : ताई, १९९०च्या दशकात इंडियाना राज्यातल्या एका गावी मी छोट्या धंदेवाल्यांची खाती सांभाळत होते. दोन बेकऱ्या, एक कुलूपवाला, जनावरांचा एक डॉक्टर आणि ही रिंक. नवरा-बायको मिळून ती चालवायचे. त्यांच्या वहीत जमेचे पाच रकाने होते : प्रवेश, स्केटचं भाडं, खाण्याचा काउंटर, वाढदिवस आणि शाळा-चर्चच्या संध्याकाळी. भाच्याला हे पाच रकाने पाठ करायला लावा. प्रवेशाच्या पैशातून वीज, विमा आणि मालमत्ता कर जेमतेम निघायचा. मालकांच्या घरात जे जायचं, ते उरलेल्या चार रकान्यांतून.

त्यातलं भाडं तर धंद्याच्या जन्मापासूनचं. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं १८६३ साली चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. अंग ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला चाकं वळतात, ही त्याची करामत. त्याआधीच्या स्केटवर सरळ जाता यायचं, वळताना पंचाईत. पण मला प्लिम्प्टनचं खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यानं स्केट विकायला न काढता भाड्यानं द्यायचं धोरण ठेवलं. १८६६ साली ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी अटलांटिक हाउस नावाच्या हॉटेलच्या भोजनगृहात त्यानं रिंक उघडली. श्रीमंत लोक उन्हाळ्यात हवा पालटायला येत ते हे गाव. स्केट त्याचे, जागा त्याच्या ताब्यात, गिऱ्हाईक खानदानी. धंद्याचा अख्खा सांगाडा तिथंच उभा राहिला.

पेटंटची मुदत संपली आणि १८८०च्या दशकात गावोगाव कारखाने निघाले. आमच्या इंडियानातच, रिचमंडला, एम. सी. हेन्ली यांचा मोठा कारखाना होता. १८८४ साली लेव्हंट रिचर्डसननं चाकात पोलादी गोळ्यांचं बेअरिंग बसवायचं पेटंट घेतलं, त्यानं पायांचे कष्ट वाचले. मग लाट आली, ओसरली, पुन्हा आली. या धंद्याचा स्वभावच तो. १९३७ साली रिंकमालकांनी स्वतःची संघटना काढली. रिंक म्हणजे टवाळांचा अड्डा, हा डाग त्यांना पुसायचा होता. कपड्यांचे नियम, शिट्टी घेऊन फिरणारे पहारेकरी, ऑर्गनवरचं संगीत, नृत्याच्या स्पर्धा, असं सगळं आणून त्यांनी आईवडिलांचा भरवसा कमावला. संघटना आजही आहे, कचेरी इंडियानापोलिसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटार आली आणि गावाबाहेर, स्वस्त जमिनीवर, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये रिंक उभ्या राहू लागल्या. १९७०च्या दशकात धातूच्या आणि लाकडाच्या चाकांची जागा पॉलीयुरेथेनच्या चाकांनी घेतली. ती मऊ धावतात, जमीन पकडतात. ऑर्गन गेला, डिस्को आला, छताला आरशांचा गोळा लागला. ब्रुकलिनची एम्पायर रिंक या रोलर डिस्कोची पंढरी मानली जायची. १९४१ साली उघडलेली ती रिंक २००७ साली बंद झाली.

आता बसला कशानं. बरेच जण रोलरब्लेडकडे बोट दाखवतात. मिनियापोलिसच्या ओल्सन भावांनी १९८०च्या सुमारास एका रांगेत चाकं असलेले स्केट बाजारात आणले आणि लोक रस्त्यावर, बागेत, फुकट स्केटिंग करू लागले हे खरं. पण ते शिकायला मुलं आधी रिंकमध्येच यायची, आणि आमच्या मालकांनी तसेही स्केट भाड्याला ठेवलेच होते. मी खर्चाच्या बाजूला पाहत बसायचे, म्हणून मला दुसरीच तीन नावं दिसतात : विमा, छप्पर आणि जमीन.

विम्याचा हप्ता १९८०च्या दशकात साऱ्या अमेरिकेत भडकला. कुणी पडून मनगट मोडलं की दावा यायचा. मिशिगन राज्यानं १९८८ साली खास कायदाच केला, की स्केटिंगचे उघड धोके स्केटिंग करणाऱ्यानं पत्करलेले असतात आणि मालकानं पहारेकरी, देखभाल वगैरे अमुक गोष्टी पाळायच्या. छप्पर म्हणजे सदाचं दुखणं. एवढ्या मोठ्या जागेत मधे खांब चालत नाही, त्यामुळे दुरुस्ती महाग. जोराचा पाऊस झाला की मालकीणबाई सकाळी बादल्या मांडत फिरायच्या आणि गुडघ्यावर बसून लाकडी जमिनीची फळी न् फळी ठोकून बघायच्या.

आणि जमीन. शेड बांधली तेव्हा तो गावाचा शेवट होता. तीस वर्षांत गाव रिंकच्या पुढे गेलं, शेजारी मोठाली दुकानं आली. मालक थकले, मुलं दुसऱ्या शहरात नोकरीला. अशा वेळी जमिनीला मिळणारा भाव रिंकच्या कित्येक वर्षांच्या नफ्याहून मोठा असतो. तोट्यात नसलेल्या रिंकसुद्धा अशाच विकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी सामान ठेवायची गोदामं आली. चालत्या धंद्याला कुलूप लागताना पाहणं फार जिवावर येतं. ‘आमची’ रिंकही तशीच गेली. शेवटच्या वर्षीसुद्धा वहीत शिल्लक होती.

भाच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. जागा भाड्याची असेल तर निदान दहा-पंधरा वर्षांचा करार हवा, नाहीतर नको. दुसरं, अमेरिकेतल्या रिंकची रड अशी की सोमवार ते गुरुवार शेड ओस पडलेली. आपल्याकडे उलट आहे : पालक महिन्याची फी भरून मुलांना पहाटे आणि संध्याकाळी क्लासला पाठवतात. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. अशा बातमीनं क्लासची चौकशी वाढते. उघड्या रिंक पावसाळ्यात ओल्या होतात आणि सराव बुडतो, तिथं छप्पर असलेल्याला चार महिने आयते मिळतात. म्हणजे आठवडाभर क्लास, शनिवार-रविवार भाड्याचे स्केट, वाढदिवस आणि खाऊ. नाशिकला हे जमू शकतं. काउंटरवर मोजे मात्र विकायला ठेवा म्हणावं. भाड्याच्या बुटांचा वास हे गिऱ्हाईक परत न येण्याचं मोठं कारण.

प्रश्न : माझी मुलगी शिकागोला शिकते. तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीनं तिला रिंकवरच्या ‘अ‍ॅडल्ट नाइट’ला नेलं. तिथं एकही लहान मूल नाही, सगळे मोठ्या वयाचे स्केटर, आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. हा काय प्रकार आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुलीनं फार मोलाचं काहीतरी पाहिलं, तिला पुन्हा जायला सांगा.

अमेरिकेतल्या रिंक बराच काळ गोऱ्यांसाठी होत्या. दक्षिणेत कायद्यानं, उत्तरेत रिवाजानं. शिकागोच्याच व्हाइट सिटी रिंकसमोर १९४६ साली ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेनं निदर्शनं केली, कारण कृष्णवर्णीयांना आत घेत नव्हते. १९६३ साली नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्च्याला लेजर स्मिथ नावाचा स्केटर शिकागोहून स्केटवरून गेला. सुमारे अकराशे किलोमीटर, दहा दिवस, अंगावर ‘फ्रीडम’ लिहिलेला पट्टा. हे मी आमच्या गावच्या वाचनालयात वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरच बसून होते.

१९६४चा नागरी हक्क कायदा आला तरी बऱ्याच ठिकाणी आठवड्यातली एखादीच रात्र कृष्णवर्णीयांना मिळायची. तिला ‘सोल नाइट’ म्हणत, पुढे ‘अ‍ॅडल्ट नाइट’. काही मालकांनी लहान चाकांना बंदी घातली. कृष्णवर्णीय स्केटर सरकत, घसरत नाचण्यासाठी लहान, कडक चाकं वापरतात. पाटीवर चाकाचं नाव, दारात अडवायचं माणसाला.

ही वागणूक अन्यायाची होती, हे पहिलं. पण मी हिशेबनीस आहे, तेव्हा हेही सांगते की ती हिशेबालाही धरून नव्हती. ही माणसं दर आठवड्याला येतात, स्वतःचे स्केट आणतात, उशिराच्या रिकाम्या तासांना येतात, त्यासाठी दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत येतात. वाढदिवसाचं मूल वर्षातून एकदा येतं. अनेक रिंक गेल्या काही दशकांत तगल्या त्या या एका रात्रीच्या जोरावर, आणि पाटी मात्र त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध.

आणि कला काय सांगू! शिकागोची ‘जेबी’ शैली गायक जेम्स ब्राउनच्या गाण्यांवर घडली, म्हणून ते नाव. फिलाडेल्फियाची वेगळी, डेट्रॉइटची वेगळी. जाणकार माणूस पावलं पाहून गाव ओळखतो. एक रिंक पडली की त्या गावची चाल शिकायची जागाच जाते. २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलवर स्केटिंगचे व्हिडिओ पसरले, स्केटसाठी महिनोन् महिने थांबावं लागलं. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये १९४० नंतर पहिल्यांदा चाकांवरची रिंक झाली. त्याचा मला आनंदच आहे. पण ती चाल ज्यांनी अडवणुकीच्या काळात जिवंत ठेवली, त्यांची नावं त्या व्हिडिओंखाली क्वचित दिसतात.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. काँक्रीट असताना तिकडे रिंकला लाकडाची जमीन कशासाठी? पूर आला तर? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पडल्यावर लाकूड थोडं देतं, गुडघ्यांना ते सोसतं. कडक मेपलच्या फळ्या टिकतातही फार. चांगल्या रिंकमध्ये वळणावरच्या फळ्या वळणाच्याच दिशेनं बसवतात, म्हणजे चाक सांध्यांवर आडवं आपटत नाही. शत्रू एकच, पाणी. फळी फुगली की उचलते.

पुराचं म्हणाल, तर ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडची ओक्स पार्क रिंक तुम्हाला आवडेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची आहे, विलामेट नदीच्या काठावर. १९४८च्या पुरात तिची जमीन वाकडी झाली. नवी बांधताना खाली हवाबंद पिंपं घातली. पूर आला की जमीन पायापासून कापून मोकळी करायची, ती पाण्याबरोबर वर तरंगते आणि पाण्याबरोबर खाली येते. १९६४ आणि १९९६च्या पुरात ती अशीच वाचली. तिथं ऑर्गनही बराच काळ वाजत राहिला.

तुमच्या गावी पंचगंगेचं पाणी कुठवर येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आपल्या दमट हवेत मेपल पोसणं खर्चाचं आहे. घोटलेलं काँक्रीट, वर इपॉक्सीचा चांगला कडक लेप, किंवा एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्या घ्या. पूर ओसरल्यावर त्या उचलून, धुऊन पुन्हा बसवता येतात.