एमबीबीएसनंतर इम्युनॉलॉजी-ऱ्हुमॅटॉलॉजीत संशोधन करायचं असेल तर आधी डीएम करावं की थेट पीएचडी?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत इंटर्नशिप चालू आहे, इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) मनापासून आवडते, पेशंटही बघायचेत पण नुसती प्रॅक्टिस नकोय, आणि घरचे म्हणतायत की संशोधनात पैसा नाही. मी मुंबईतल्याच एका सार्वजनिक रुग्णालयात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आणि प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांची डॉक्टर, आहे. अर्धा आठवडा ओपीडीत जातो. उरलेला अर्धा लॅबमध्ये जातो असं म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात त्यातला बराचसा एथिक्स कमिटीच्या आणि ग्रँटच्या कागदांत जातो.

माझं उत्तर सरळ आहे. आधी एमडी मेडिसिन, मग डीएम (एमडीनंतरची सुपर-स्पेशालिटी पदवी). पीएचडी नंतरही करता येते, आणि कित्येकांना तिची गरजच पडत नाही. हा क्रम मी डिग्रीच्या वजनासाठी सांगत नाहीये. या विषयातले चांगले प्रश्न पेशंटच्या तोंडून येतात, आणि ते कानावर पडायला ओपीडीत बसावं लागतं.

एक उदाहरण देते. आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते) एक पेशंट सांगत होती, “आमच्याकडे नळाला साडेपाचला पाणी येतं आणि नेमका तेव्हाच मला नळ फिरवता येत नाही. दहा वाजले की बोटं आपोआप मोकळी होतात, पण तोवर पाणी गेलेलं असतं.” रेसिडेंटने केसपेपरवर ‘मॉर्निंग स्टिफनेस, दोन तासांपेक्षा जास्त’ असं लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. त्याचं चुकलं नाही, बाहेर रांग होती. पण पहाटेच का? दुपारी का नाही? आमवातात इंटरल्यूकिन-६ हा दाह वाढवणारा रेणू रात्रीच्या उत्तरार्धात चढत जातो आणि पहाटे भरात असतो. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह शमवणारं नैसर्गिक स्टेरॉइड, तेही त्या सुमारास वाढतं, पण त्याला पुरं पडत नाही. यावरून कुणाला तरी सुचलं की स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर देण्याऐवजी झोपताना द्यावी, आणि ती पोटात चारेक तासांनी, म्हणजे इंटरल्यूकिन चढत असतानाच उघडेल अशी बनवावी. तशी गोळी बनली, तिची चाचणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि सकाळचा आखडलेपणा तिने खरोखर कमी झाला. तक्रार नळाची, उत्तर घड्याळाचं. थेट पीएचडीला गेलात तर इंटरल्यूकिन-६ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, पण ही बाई तुम्हाला भेटणार नाही.

म्हणून लॅब दुय्यम आहे असं समजू नका. या क्षेत्रातली गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी उडी एका जोडीने मारली. मार्क फेल्डमन इम्युनॉलॉजिस्ट, रविंदर मैनी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (जन्म लुधियानाचा, कारकीर्द लंडनची). आमवाताच्या पेशंटच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवून फेल्डमन यांच्या गटाने त्यातला टीएनएफ (दाह वाढवणारा आणखी एक रेणू) अँटिबॉडीने अडवला, तर त्याच्यामागे इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली आला. म्हणजे अनेक रेणूंच्या गर्दीत एकाला धरलं तर बाकीचेही नरमतात. हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की एकच रेणू अडवून काही होणार नाही. १९९२ मध्ये मैनींनी चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या पेशंट्सना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी औषध म्हणून दिली, एकूण वीस जणांना, आणि त्यांचे सांधे उतरले. २००३ साली दोघांना मिळून लास्कर हा वैद्यकीय संशोधनातला मानाचा पुरस्कार मिळाला. तुम्ही ‘क्लिनिशियन होऊ की सायंटिस्ट’ असं विचारताय. मी विचारेन, तुमचा दुसरा माणूस कोण? दोन्ही कामं एकट्याने उत्तम करणारे फार थोडे असतात. बाकीचे आमच्यासारखे, ज्यांना जोडीदार लागतो.

त्या बाबतीत मुंबई नशीबवान आहे. परळमध्ये एका बाजूला केईएम, त्याच्याच आवारातल्या बहुमजली इमारतीत आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था (१९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली), जवळच हाफकिन, टाटा मेमोरियल आणि प्रजनन-बालआरोग्य संशोधन संस्था. सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला, तोही याच शहरातल्या पेशंटच्या रक्तातून. वाव आहे का, असं विचारलंत, तर हेही लक्षात घ्या की आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभ्या केलेल्या कार-टी उपचाराला (पेशंटच्याच प्रतिकारपेशी लॅबमध्ये बदलून परत शरीरात सोडायच्या) २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात मंजुरी मिळाली. ती रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, पण जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी हेच तंत्र ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती शरीरातल्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार) पेशंटवर वापरल्याचं २०२१ मध्येच प्रसिद्ध झालंय. ल्युपस आपलं खातं. दोन्हीकडचं कळणारी माणसं पुढच्या काळात लागणार.

शिवाय काही प्रश्न आपल्याकडेच सुटू शकतात. टीएनएफ अडवणारी औषधं बाजारात आल्यावर २००१ मध्ये अमेरिकेतून अहवाल आला की त्यांतलंच एक, इन्फ्लिक्सिमॅब, घेतलेल्या ७० जणांना क्षयरोग झाला. कारण उघड आहे: फुफ्फुसात कोंडून ठेवलेल्या जंतूंभोवतीची भिंत टिकवायला टीएनएफ लागतो. आता मुंबईचा विचार करा. इथे क्षयाच्या जंतूशी ज्याची गाठ पडली नाही असा माणूस शोधावा लागेल. पेशंट आधीच स्टेरॉइडवर, त्यामुळे मँटू (क्षयाच्या संसर्गाची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही. भारतात ॲडॅलिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, २०१४ मध्येच निघाली, औषध आवाक्यात येत गेलं, तसा प्रश्न मोठा झाला. कुणाला आधी आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध द्यायचं, किती महिने, कुणावर नुसती नजर ठेवायची? परदेशी गाइडलाइन वाचून याचं उत्तर शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर बसून देता येत नाही. इथले पेशंट वर्षानुवर्षं बघूनच देता येईल.

‘वर्षानुवर्षं बघून’ हे म्हणायला सोपं आहे. रक्ताचे नमुने साठवायचा उणे ८० चा फ्रीझर पैसे टाकले की येतो. पेशंट परत येईलच याची खात्री पैशाने मिळत नाही. मेथोट्रेक्सेटने (आमवाताचं नेहमीचं औषध) बरं वाटलं की माणूस गणपतीला कोकणात जातो आणि औषध बंद करून शिमग्याला सुजलेले गुडघे घेऊन उगवतो. मधल्या काळाची नोंद कोरी. मोबाइल नंबर बदललेला. दिवा सोडून बदलापूरला राहायला गेलेले. ज्या नमुन्याच्या पुढेमागे पेशंटचं काय झालं ते लिहिलेलं नाही, त्या नमुन्यावर कितीही महागडं मशीन चालवा, हाती काही लागत नाही. आमच्याकडे फॉर्मवर पेशंटखेरीज घरातल्या आणखी एकाचा नंबर घेतो, शक्यतो जावेचा किंवा नणंदेचा, कारण नवऱ्याचा फोन कायम साइटवर असतो. ओपीडीच्या मावशींना कोण कुठे राहायला गेलं ते आमच्या रजिस्टरपेक्षा जास्त ठाऊक असतं. माझ्या मते या क्षेत्रातली कारकीर्द पेपरांच्या संख्येवर जितकी उभी राहते, त्यापेक्षा जास्त अशा नोंदींवर उभी राहते. मात्र प्रमोशनच्या मुलाखतीत कुणी हे विचारत नाही.

आवड खरी आहे का हे तपासायचं असेल तर एक दुपार एएनएच्या (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) खोलीत बसा. अंधारी खोली, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप, काचपट्टीवर हेप-२ या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींचा थर, त्यावर पेशंटचा पातळ केलेला सीरम. अँटिबॉडी असेल तर केंद्रकं हिरवी चमकतात, कधी सलग, कधी ठिपक्याठिपक्यांची. विभागत असलेल्या पेशीत गुणसूत्रांची पट्टी उजळली की अनुभवी टेक्निशियन वळून न बघता पॅटर्न सांगतात. मग तोच ‘पॉझिटिव्ह, १:८०’ रिपोर्ट घेऊन डोंबिवलीची एखादी पंचविशीची मुलगी रडत ओपीडीत येते, कारण नेटवर तिने ल्युपस वाचलेलं असतं. धडधाकट माणसांवर १९९७ मध्ये झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात १:८० ला, म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ केल्यावरही, शंभरात तेराएक जण पॉझिटिव्ह निघाले होते. तिला फक्त केस गळायची तक्रार असते, तीही बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेने. काचपट्टी आणि मुलगी, या दोन्हींत रस वाटला तर या लाइनमध्ये या. एकातच वाटला तरी बिघडत नाही, मग रस्ता मात्र वेगळा.

पैशाचं घरचे म्हणतात ते खोटं नाही. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. त्यात मुंबईत कसं भागतं ते तुम्हाला सांगायला नको. डीएम करून खाजगीत बसणारा तुमचा मित्र कितीतरी पुढे असेल, आणि दिवाळीत नातेवाईक ते बोलून दाखवतील. पण डीएम हातात असलं की संशोधनाचा पगार आटला तरी चूल बंद पडत नाही, हा माझ्या क्रमामागचा दुसरा, जरा व्यवहारी मुद्दा. डॉक्टरांसाठी इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप आहेत, त्या बघून ठेवा. अर्ज लिहायला अख्खा पावसाळा लागतो. डीएमसाठी लखनौच्या संजय गांधी संस्थेत किंवा वेल्लोरला जावं लागलं तर बिनधास्त जा, मुंबई कुठे पळत नाही. एमडीचा थिसिस मात्र आत्तापासूनच याच विषयातला मागा, नाहीतर गाइड हातात मधुमेहाचा विषय ठेवतील आणि तीन वर्षं गेली.

शेवटी तुम्ही उंदरांबद्दल विचारलंय. उंदराला आमवात सहसा आपणहून होत नाही, कोलॅजन टोचून आणावा लागतो, आणि त्यासाठी ॲनिमल हाऊस, परवानग्या, प्रशिक्षण असं वेगळं गाडं आहे. माझं जवळपास सगळं काम माणसांच्या रक्तावर आणि सांध्यातल्या पाण्यावर झालं. त्याचा निर्णय आज घ्यायचं कारण नाही. आधी नीट-पीजीत मेडिसिनची सीट मिळेल एवढं बघा.