मूल बरे झाले, तरी मला झोप का लागत नाही?

मूल रुग्णालयातून बरे होऊन घरी आले, डॉक्टरांनी काळजीचे कारण नसल्याचे सांगितले, घरातले सगळे आपापल्या कामाला लागले, आणि नेमका त्यानंतर आपला धीर सुटला, असे सांगणारे आईवडील मला वरचेवर भेटतात. कठीण वेळ तर निघून गेली, मग आता हे काय, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटत असते. अशाच एका आईचा अनुभव येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची होती. एका संध्याकाळी खेळता खेळता तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि झटके येऊ लागले. दोन-तीन मिनिटांत ते थांबले. रुग्णालयात पोहोचल्यावर तिला बराच ताप असल्याचे दिसले, तापामुळे आलेली आकडी असे निदान झाले आणि तापाचे कारण शोधण्यासाठी तिला काही दिवस दाखल करून घेण्यात आले. त्या दिवसांत औषधांच्या वेळा, तपासण्यांचे कागद, नातेवाइकांचे फोन हे सारे आईनेच न डगमगता सांभाळले. घरी आल्यावर मात्र आई रोज रात्री दर तासाला मोबाइलचा गजर लावून उठू लागल्या. झोपलेल्या मुलीच्या काखेत थर्मामीटर धरायचा, आलेला आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या गजराची वाट पाहत पडून राहायचे, असा क्रम सुरू झाला. ती वही त्यांनी मला दाखवली. ९७.८, ९८.१, ९७.९ अशी पानेच्या पाने भरली होती. ताप एकदाही नव्हता.

“तिचं अंग तापलंय हे मला आधी कळायला हवं होतं,” हे वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तुमची चूक नाही, असे त्यांना आधीच अनेकांनी सांगितले होते आणि त्याचा उपयोग झालेला नव्हता, म्हणून मी ते सांगण्याच्या भरीस पडलो नाही. त्याऐवजी त्या दिवशीचा घटनाक्रम मी त्यांना दोन रकान्यांत लिहायला सांगितला: एकात त्या वेळी जे ठाऊक होते ते, दुसऱ्यात नंतर कळलेले. पहिल्या रकान्यात मुलगी जेवली, थोडी किरकिरली, मग खेळायला लागली एवढेच आले. ‘ताप’ हा शब्द फक्त दुसऱ्या रकान्यात होता.

उरलेल्या शंका वैद्यकीय होत्या आणि त्यांची उत्तरे देणे हे माझे काम नव्हते. प्रश्नांची यादी घेऊन आईवडील दोघांनी बालरोगतज्ज्ञांकडे जावे, असे मी सुचवले. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील १०० पैकी सुमारे २ ते ५ मुलांना अशी आकडी येते, पुष्कळदा आकडी हेच तापाचे पहिले लक्षण असते, आणि तापाच्या औषधाने मुलाला आराम पडला तरी आकडी टळेलच असे नाही, हे त्यांना तेथे नीट समजले. रात्रभर जागून करायच्या पहाऱ्याचा आधारच त्यामुळे निघून गेला. सुमारे एक तृतीयांश मुलांना पुन्हा आकडी येते, ही गोष्ट पत्नीपासून लपवावी असे वडिलांचे मत होते. मला ते पटले नाही. अर्धवट माहितीवर भीती अधिक पोसली जाते. तसे झालेच तर मुलीला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर तातडीची मदत बोलवायची, हे दोघांनाही पाठ असणे महत्त्वाचे होते.

त्यांचे दुसरे दुःख त्या बराच वेळ बोलल्याच नव्हत्या. घरी आल्यापासून मुलगी वडिलांना चिकटून असे आणि आईने हात पुढे केला की तोंड फिरवी. सलाईनची सुई लावताना सिस्टरच्या सांगण्यावरून आईनेच तिचे हात दाबून धरले होते आणि “काही दुखत नाही” असे त्या म्हणत राहिल्या होत्या. या वयातल्या मुलांना आजारपण किंवा सुई ही आपल्याला झालेली शिक्षा वाटू शकते. पुढच्या भेटीत मी मुलीपुढे बाहुली, पट्टी आणि सुई नसलेली सिरिंज ठेवली. तिने बाहुलीला पालथी घातली, गुडघ्याने दाबली आणि दरडावले, “गप्प बस, दुखत नाही!”

आई रडू लागल्या, पण त्यांनी विषय टाळला नाही. “सुई दुखली होती. औषध आत जायला हवं होतं म्हणून मी तुला धरलं. तू काहीच वाईट केलं नव्हतंस,” असे त्यांनी तिला सांगितले. मुलीने विचारले, “मग मांडीवर का नाही घेतलं?”

प्रश्न रास्त होता. सुई टोचताना लहान मुलाला आडवे दाबून धरण्यापेक्षा पालकांच्या मांडीवर मिठीत बसवणे अनेकदा शक्य असते, आणि तसे करता येईल का, हे पालकांनी संकोच न करता विचारावे. मुलांजवळ थांबण्याचा हक्कसुद्धा पालकांना सहजासहजी मिळालेला नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी भेटीच्या वेळा फार तुटपुंज्या असत. १९५९ मध्ये रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करण्यासाठी नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांना मुलांना भेटण्यावर बंधन नसावे अशी शिफारस केली, आणि तरीही बदल व्हायला बराच काळ लागला.

त्यानंतर बाहुलीचा दवाखाना घरीही रोज भरू लागला. आजारपणानंतर अशी मुले चिकटतात, चिडतात, अंथरूण ओले करतात. नेहमीचे वेळापत्रक न मोडता त्यांना जवळ घेत राहिले, तर बहुतेकांच्या बाबतीत हे काही आठवड्यांत ओसरते. आईसाठी आम्ही गजर एकेक करून कमी केले आणि मध्यरात्रीनंतरची जबाबदारी वडिलांकडे दिली. त्या निमित्ताने आपल्यालाही तेच दृश्य डोळ्यांपुढे दिसते, हे ते प्रथमच बोलले. असे प्रसंग महिन्याहून अधिक काळ मनात घुसत राहिले, झोप आणि रोजचे काम बिघडू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांना अवश्य भेटावे, असे मी दोघांनाही सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

पुढे मुलीला पुन्हा ताप आला. आकडी आली नाही. आईंनी त्या रात्री सगळे गजर परत लावले आणि सकाळी अपराधी आवाजात मला फोन केला. ताप असलेल्या रात्री आई जागणारच, असे मी म्हटले आणि ताप उतरल्यावर गजर काढले का, तेवढे विचारले. वडिलांनी ते पहाटेच बंद केले होते.