वाचकांचे प्रश्न: हळद, लसूण आणि तेल

प्रश्न: सियागंज बाजारातून हळकुंडं आणून दळली. मालिशसाठी तेल करायचं म्हणून पूड तिळाच्या तेलात घालून बाटली पंधरा दिवस उन्हात ठेवली. रंग फिका राहिला, आता खवट वासही येतो. कुठे चुकलं?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: उन्हातच चुकलं. हळदीचा पिवळा डाग पडलेला कपडा धुऊन उन्हात टाकला की डाग उडतो, ते याच कारणाने: हळदीतलं कुरकुमिन उजेडात टिकत नाही. वर काचेतून ऊन लागलं की तेल खवट व्हायला वेळ लागत नाही.

आयुर्वेदातलं तैलपाकाचं, म्हणजे औषधी तेल शिजवण्याचं, जुनं प्रमाण आजही चोख आहे: कल्काच्या (औषधाच्या ओल्या गोळ्याच्या) चौपट तेल, तेलाच्या चौपट पाणी. ५० ग्रॅम हळदपूड थोड्या पाण्यात भिजवून गोळा करा. २०० मिली तिळाचं तेल, ८०० मिली पाणी आणि हा गोळा जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्या. पातेलं तीन लिटरचं तरी हवं, कारण फेस वर येतो. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग पाणी कशाला? पाणी असेपर्यंत उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते आणि कल्क करपत नाही. मंद आंचेवर ठेवा आणि तळापासून हलवत राहा. बुडाला लागलं तर तेल वाया गेलं समजा, करपट वास नंतर कशानेही जात नाही.

कल्क घट्ट होऊन तेल सुटू लागलं की चिमूटभर काढून गार करा, बोटांत वळून वात करा आणि ज्योतीवर धरा. चटचट आवाज आला तर पाणी बाकी आहे. वात गुपचूप जळली आणि तेलावर फेस चढला की लगेच गॅस बंद करा. कोमट असताना मलमलच्या कापडातून गाळा, पण कल्क पिळू नका, गाळ उतरतो. रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ तेल कोरड्या, गडद रंगाच्या बाटलीत भरा. मालिशनंतर कपड्यावरचा डाग साबण लागताच लाल झाला तर घाबरू नका. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तोच प्रकार.

प्रश्न: हळदीच्या दुधात मिरी घालतात, त्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण किती ते नीट समजून घ्या. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तेव्हा रक्तातलं शोषण वीसपट वाढलं. पण हळदपुडीत कुरकुमिन साधारण ३ टक्केच असतं. अर्ध्या चमच्यात, म्हणजे दीड ग्रॅम पुडीत, ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. त्यामुळे पेलाभर दुधाकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका. दूध मात्र सायीसकट घ्या, कुरकुमिन स्निग्धात उतरतं. कुरकुमिनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सुरू करू नका.

प्रश्न: माळव्याचा लसूण घरात भरपूर आहे. सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्या तर चालेल का? कान दुखला तर हेच तेल घालावं म्हणते.

उत्तर: नका ठेवू, ही सवय आजच मोडा. तेलाखाली हवा नसते आणि लसणात आंबटपणा फारसा नसतो. अशा जागी बोटुलिझम या विषबाधेचे जंतू विष तयार करतात, आणि त्याला वास नाही की चव नाही. पाकळ्या कढवल्या तरी या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक बीजरूपं, मरत नाहीत. असं तेल थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

लसणाचा उग्र, उपयोगी अंश, म्हणजे ॲलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की तिच्यातलं एन्झाइम काम करून तो तयार करतं. अख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर ते एन्झाइमच मरतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं थांबा, मग फोडणीत घाला. कानात मात्र काही घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट आत जातं, आणि ते छिद्र घरी दिसत नाही.