मैदान वाचवायचे असेल तर आधी भाग नकाशा काढा

या वेळी सदरात आलेली बहुतेक पत्रे मोकळ्या जागांची आहेत. कुणाच्या पेठेतले मैदान, कुणाच्या कॉलनीची ओपन स्पेस, तर कुणाचा थेट गोल्फ मैदानाबद्दलचा प्रश्न. वाचकांची नावे न देता फक्त कोल्हापुरातला किंवा आसपासचा भाग दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिथले लोकांसाठी खुले असलेले गोल्फ मैदान एका विकसकाने घेतले, पण लोकांनी मतदान करून बांधकाम अडवले, असे ती सांगते. आपल्याकडे असे मतदान घेता येईल का? (राजारामपुरी)

ती सांगते ते खरे आहे. पार्क हिल नावाचे ते मैदान १५५ एकरांचे. २०१८ च्या अखेरीस तिथला खेळ बंद झाला आणि पुढच्या वर्षी जमीन विकसकाकडे गेली. घरे बांधतो आणि १०० एकर उद्यान देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. एप्रिल २०२३ च्या मतदानात लोकांनी तो फेटाळला. २०२५ मध्ये शहराने दुसरी जमीन देऊन ही जागा उद्यानासाठी घेण्याचे ठरवले.

पण मतदान हा शेवटचा टप्पा होता. खरी तटबंदी त्याआधीची होती. १९९७ मध्येच शहराने २० लाख डॉलर मोजून त्या जमिनीवर ‘इथे बांधकाम होणार नाही’ असा कायमचा बोजा चढवला होता. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसाच, फक्त हा मोकळेपणाचा. जमीन विकली गेली तरी बोजा राहिला. म्हणून विकसकाला लोकांकडे यावे लागले.

महाराष्ट्रात अशा मतदानाची तरतूद नाही. आपले कुलूप म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातले आरक्षण, म्हणजे अमुक जागा मैदानासाठी, अमुक शाळेसाठी अशी राखण. आणि ते बोजाइतके पक्के नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली ते बदलता येते. पण त्यासाठी जाहीर सूचना, हरकती आणि सुनावणी यांतून जावे लागते, आणि नागरिकाला हक्काने बोलायची जागा तिथेच मिळते. मोर्चा काढा, सह्या गोळा करा, पण हरकतीची मुदत चुकली तर त्या सह्यांना सुनावणीत फारसे वजन राहत नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या खेळाच्या मैदानावर व्यापारी संकुल होणार अशी चर्चा आहे. नक्की काय चालले आहे हे कुठे पाहायचे? (फुलेवाडी)

चर्चेवर धावू नका, दोन कागद काढा. पहिला ‘भाग नकाशा’, म्हणजे विकास आराखड्यातला तुमच्या जागेपुरता नकाशा. महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करा. त्यात रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वॉर्ड (ए ते ई) लिहा. नुसते ‘तालमीमागचे मैदान’ लिहिले तर अर्ज परत येतो. भाग नकाशावर आरक्षणाचा क्रमांक आणि प्रयोजन दिसते. खेळाचे मैदान, बाग, प्राथमिक शाळा की दुकान केंद्र, हे शब्द नेमके टिपून घ्या. ‘बाग’ आणि ‘खेळाचे मैदान’ ही वेगळी आरक्षणे आहेत, आणि पुष्कळ लढे इथल्या चुकीच्या शब्दामुळे लंगडे पडतात.

दुसरा कागद नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, गावठाणाबाहेर असाल तर सातबारा. जागा महापालिकेची, शासनाची, देवस्थानाची की खासगी, हे त्यावरून कळते. आपल्या शहरात वर्षानुवर्षे खेळत आलेले मैदान कागदावर भलत्याच नावाने निघू शकते. मालक कोण, यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

जागा खासगी असेल तर त्याच अधिनियमाचे कलम १२७ नीट समजून घ्या, कारण बागा आणि मैदाने गुपचूप जातात ती इथून. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरणार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे. बहुतेक वेळा २४ महिने संपल्यावर लोकांना जाग येते. म्हणून आजच माहिती अधिकारात मागा : ‘आरक्षण क्रमांक अमुक यावर कलम १२७ खाली खरेदी सूचना आली आहे काय? असल्यास तारीख, प्रत आणि त्यावरील टिप्पणीची प्रत.’ राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केले?’ असे विचारू नका. ‘प्रत द्या’ असे विचारा. कारण विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले.

सूचना येऊन पडली असेल तर मागणी एकच ठेवा : संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करा, किंवा मालकाला पैशांऐवजी विकास हक्क (दुसरीकडे वापरता येणारे बांधकामाचे हक्क) देऊन जागा ताब्यात घ्या. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते, तेव्हा जानेवारीतच निवेदन गेले पाहिजे.

प्रश्न : कलम ३७ ची सूचना निघाली आहे. हरकत कशी लिहायची? (मंगळवार पेठ)

राजपत्रातली सूचना शब्दन् शब्द वाचा. मुदत एक महिन्याची असते आणि ती सूचनेच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्यापासून नव्हे. मग हरकत कुणाकडे मागवली आहे ते पाहा. महापालिकेने काढलेली सूचना असेल तर महापालिकेकडे. पण कलम ३७(१कक) खाली शासन थेट सूचना काढते, तेव्हा त्यात नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच हरकत गेली पाहिजे. गठ्ठे चुकीच्या टेबलावर पडून मुदत संपल्याचे प्रकार होतात.

हरकत दोन पानांच्या आत ठेवा. वर सूचनेचा क्रमांक व तारीख, आरक्षण क्रमांक, सि.स.नं. आणि वॉर्ड. मग तुमचा संबंध : किती वर्षे राहता, जागा किती मीटरवर आहे, घरातले कोण ती वापरते. त्यानंतर मुद्दे. सर्वांत जोरदार मुद्दा पर्यायाचा. हे मैदान गेले तर ५०० मीटरच्या आत दुसरे आरक्षित आणि प्रत्यक्ष विकसित मैदान कोणते? भाग नकाशाच्या प्रतीवर वर्तुळ काढून दाखवा. तेवढा एक नकाशा पानभर भावनेपेक्षा जास्त बोलतो.

कायद्याचा आधार एकच द्या, पण नेमका द्या. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात ते देणे बेकायदा ठरवले. मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्यासाठी असते आणि तिच्यासाठी रहिवासी न्यायालयात येऊ शकतात, हे त्यातून तुमच्या हाती येते. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य लिहाच.

दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर तुमची हरकत होती हे सिद्ध करायला काही उरत नाही. एकाच मजकुराच्या छापील फॉर्मवर ५०० सह्या आणण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या ४० हरकती आणा. सारखे फॉर्म एकत्र करून एका ओळीत निकाली काढले जातात. सुनावणीला मात्र गर्दी नको. तिघांनी बोलावे : एक खेळणारा, एक ज्येष्ठ रहिवासी आणि एक कागद जाणणारा.

प्रश्न : आमचा भाग जयंती नाल्याजवळ आहे. ‘मैदानावर काँक्रीट झाले की पूर वाढेल’ असे म्हणतो, पण अधिकारी आकडे मागतात. (शाहूपुरी)

आकडे देता येतात, पण फुगवून देऊ नका. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते सुमारे २ लाख लिटर. काँक्रीट आणि छपरावरून त्यातले साधारण ९० टक्के वाहून जाते, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. गवताच्या कोरड्या मैदानावरून ३० टक्के धरले तर ६० हजार. फरक १ लाख २० हजार लिटरचा, म्हणजे १० हजार लिटरचे १२ टँकर. तेवढे जादा पाणी त्याच तासाभरात गटारीत येते.

पण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आपली काळी माती भिजून तुडुंब असते. तेव्हा गवतावरूनही निम्म्याहून अधिक पाणी वाहते. समोरचा अभियंता हे जाणतो, म्हणून नुसत्या मुरण्याच्या मुद्द्यावर उभे राहू नका. त्याहून भक्कम मुद्दा साठवणीचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकली की नदीचा फुगवटा नाल्यात शिरतो आणि नाल्याचे पाणी पुढे जात नाही. अशा वेळी आजूबाजूपेक्षा ३० सेंटिमीटर खोल असलेले एक एकर मैदान १२ लाख लिटर पाणी धरून ठेवते. त्यावर भराव टाकला की तेच पाणी शेजारच्या तळमजल्यात शिरते. म्हणून हरकतीबरोबर मैदानाची आणि रस्त्याची पातळी मोजून जोडा. ऑटोलेव्हल (उंची-पातळी मोजायचे यंत्र) लावणारा सर्व्हेअर हे काम अर्ध्या दिवसात करतो.

जागा पूररेषेत आहे का, हेही पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान असे मोकळे वापरच अपेक्षित आहेत. तुमची जागा तिथे असेल तर तो मुद्दा हरकतीत पहिला लिहा.

प्रश्न : मैदानाच्या कडेची जुनी झाडे तोडायला परवानगी मागितली आहे. किती वेळ हातात असतो? (कसबा बावडा)

फार नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे सूचना झाडावर चिकटवावी लागते आणि वर्तमानपत्रातही द्यावी लागते. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडाला पुरातन वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडल्यास झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. म्हणून आजच प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेर मोजा, तारखेसह फोटो काढा. ‘छाटणी’च्या परवानगीवर शेंडा उडवलेला दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. झाड वाळल्यावर तक्रार चालत नाही.

प्रश्न : कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये काही सभासद हॉल बांधू पाहतात. महापालिका म्हणते आमचा संबंध नाही. (पाचगाव)

महापालिकेचे म्हणणे बरोबर आहे. पाचगाव हद्दीबाहेर आहे. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले, तिथे जा. कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत मागा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, आणि ती विकता येत नाही. तिच्यात लहानसे बांधकाम चालते, पण त्याला टक्क्यांची मर्यादा आहे आणि ते रहिवाशांच्या समाईक वापराचेच असावे लागते. लग्नाला भाड्याने द्यायचा हॉल त्यात बसत नाही. हॉलचा नकाशा मंजूर आहे का, एवढाच लेखी प्रश्न विचारा. बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबते.

प्रश्न : मी बागकामाचे ठेके घेतो. बाहेरगावच्या एका जुन्या नऊ होलच्या गोल्फ मैदानाची सार्वजनिक बाग करायचे काम येऊ घातले आहे. वेगळे काय बघावे? (ताराबाई पार्क)

ग्रीन आधी ओळखा, म्हणजे होलभोवतीचा अगदी तुळतुळीत भाग. चांगल्या ग्रीनखाली ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि निचऱ्याचे पाइप असतात. तिथे पाणी टिकतच नाही. असल्या जागेवर वड-पिंपळ लावले तर एप्रिलमध्ये वाळतात. एक तर वाळू काढून माती भरा, नाहीतर ती जागा मुलांच्या खेळासाठी ठेवा. पावसाळ्यात सगळ्यात आधी तीच कोरडी होते.

दुसरी गोष्ट औषधांची. ग्रीन आणि टी (पहिला फटका मारायची जागा) या भागांवर वर्षानुवर्षे बुरशीनाशके, तणनाशके पडलेली असतात. जुन्या काळी त्यांत पारा आणि आर्सेनिकची संयुगेही वापरली जात. प्रत्येक ग्रीनचा स्वतंत्र नमुना घ्या : वरच्या १५ सेंटिमीटरमधून ८-१० ठिकाणची माती, मिसळून अर्धा किलो. औषधे कालवायच्या शेडजवळचा नमुना विसरू नका, सगळ्यात वाईट माती तिथे सापडते. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश कळते, जड धातू कळत नाहीत. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आर्सेनिक, पारा आणि शिसे यांची तपासणी वेगळी सांगा. अहवाल हातात येईपर्यंत माती हलवू नका, नाहीतर एका कोपऱ्यातले विष सगळ्या बागेत पसरते.

तिसरे, तिथले गवत बहुधा आपल्या हराळीचेच भाऊबंद असते. ते वाफ्यात घुसते. वाफे आखताना १५-२० सेंटिमीटर खोलपर्यंतच्या काशा (जमिनीखाली पसरणारी खोडे) हाताने वेचून काढा. नुसता रोटाव्हेटर मारला तर एकेका काशीचे दहा तुकडे होऊन दहा ठिकाणी उगवतात. ग्रीनवर गवत ३-४ मिलिमीटरवर कापतात. बागेत ते ५ सेंटिमीटरपर्यंत वाढू द्या, म्हणजे पाणी आणि कापणी दोन्ही कमी लागतात. आणि जुन्या तुषार सिंचनाच्या पाइपांचा नकाशा क्लबकडून आधी मागून घ्या. तो न घेता जेसीबी लावला तर पहिल्याच दिवशी मुख्य लाइन फुटते.