प्रदर्शनात गुलाब ठेवायचाय? छाटणीची तारीख आधी धर
अगं, जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गुलाब ठेवायचाय ना, मग आत्तापासून उलटं मोजायला लाग. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त पडली तर अजून थोडे, आणि शो असतो २६ जानेवारीच्या आसपास, म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा धर. पण सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नकोस, दोन-तीन दिवसांच्या फरकाने एकेक कुंडी घे, एखादी तरी बरोब्बर वेळेवर येतेच.

कळ्या मटारएवढ्या झाल्या की मधली ठेवून बाजूच्या चिमटीने खुडून टाक, जिवावर येतं खरं पण दांडीवर एकच टपोरं फूल हवं तर हे करावंच लागतं, मी पहिल्या वर्षी नाही खुडल्या तर सगळी फुलं लिंबाएवढीच राहिली. आदल्या संध्याकाळी तिरका काप देऊन दांडी लगेच खोल पाण्यात ठेव, आणि फूल अर्धं-पाऊण उमललेलंच ने, पूर्ण उमललेलं दुपारपर्यंत पाकळ्या टाकतं.

आणि हो, तिथे गेल्यावर माळीदादांशी नक्की बोल, कुंडीतल्या मातीचं विचारलं की इतकं मनापासून सांगतात ना!